कोकोलिथची स्लाइड रिकामी का येते: गाळापासून मोजणीपर्यंत सगळ्या स्टेप्स

डिझर्टेशनचा सीझन आला की तेच सुरू होतं. कोणीतरी स्लाइडचा डबा घेऊन येतं आणि म्हणतं, ह्यात काहीच दिसत नाही, बहुतेक ह्या कोअरमध्ये (समुद्रतळातून नळीने उभा काढलेला गाळ) कोकोलिथ (सूक्ष्म शेवाळाच्या कवचाच्या चकत्या) नसतीलच. अहो, असतात. लाख वर्षं समुद्राच्या तळाशी धड राहिलेलं कवच आपल्या टेबलावर एका दुपारीत विरघळतं, आणि जे वाचतं ते मातीच्या गुठळ्यांखाली लपतं. म्हणून गोव्यात मरीन सायन्स किंवा जिऑलॉजी करणाऱ्या, पहिल्यांदाच नॅनोफॉसिलला, म्हणजे अशा अतिसूक्ष्म जीवाश्मांना, हात घालणाऱ्या मुलामुलींसाठी हे सगळं ओळीने लिहितेय. गाळात कुठली जात किती हे मोजून जुनं हवामान वाचायचं, खटाटोप त्यासाठी. पद्धत स्मिअर स्लाइडचीच (काचेवर गाळाचा पातळ थर फासायची) घेतलीय, कारण तिला महागडं काही लागत नाही आणि नीट केली तर उत्तर देते. पाण्याचा नमुना असेल तर काय बदलतं ते शेवटी आहे.

०. आधी कवच कसं बनतं ते

हा भाग वगळून थेट स्टेप्सवर उडी मारू नका, पुढचा प्रत्येक "करू नका" इथूनच येतो.

कोकोलिथोफोर म्हणजे एकपेशीय समुद्री शेवाळ. बहुतेकांची पेशी ५ ते १० मायक्रॉनची, आणि तिच्याभोवती कॅल्साइटच्या चकत्या असतात, त्या चकत्या म्हणजे कोकोलिथ. चकती बाहेर पाण्यात बनत नाही, पेशीच्या आत गॉल्जीपासून (पेशीतला माल तयार करून पाठवणारा भाग) निघालेल्या एका पिशवीत बनते. आधी सेंद्रिय पदार्थाची एक पातळ थाळी तयार होते आणि मग त्या थाळीच्या फक्त कडेकडेने कॅल्साइटचे बारीक स्फटिक गोल रांगेत बसतात. त्यातही शिस्त अशी की एका स्फटिकाचा मुख्य अक्ष थाळीला काटकोनात उभा आणि शेजारच्याचा बाहेरच्या दिशेने आडवा, परत उभा, परत आडवा. मग ते वाढत वाढत एकमेकांत अडकतात, कुठे वाढायचं आणि कुठे थांबायचं ह्यावर पेशीतल्या पॉलिसॅकराइडचा ताबा असतो. चकती पुरी झाली की पिशवी पेशीच्या पृष्ठभागाशी येऊन उघडते आणि चकती बाहेर ढकलली जाते. एमिलियानिया हक्सलेई ही सगळ्यात कॉमन जात उजेडात साधारण एक-दोन तासांत एक चकती काढते. (नव्या पेपरांत हिला जेफायरोकॅप्सा हक्सलेई म्हणतात. थीसिसमध्ये कुठलं तरी एकच नाव धरा, अर्ध्या पानांवर हे आणि अर्ध्यांवर ते असं नको.)

कच्चा माल पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. एका कॅल्शियमला दोन बायकार्बोनेट लागतात, आणि त्यातून कॅल्शियम कार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आता ही क्रिया उलटी वाचा: कार्बन डायऑक्साइड शोषलेलं पाणी कार्बोनेटला भेटलं की ते परत विरघळतं. तुमच्या लॅबमधल्या उघड्या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर नेमकं हेच करतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच ५.६ च्या आसपास येऊन बसतो. रिकाम्या स्लाइडचं पहिलं कारण हे.

दुसरं, ते गोल रांगेतले आडवे स्फटिक. क्रॉस्ड पोलराइज्ड प्रकाशात (नमुन्याच्या खाली पोलरायझर, वर अॅनालायझर, दोन्ही फिल्टर एकमेकांना काटकोनात) कोकोलिथवर जो काळा क्रॉस दिसतो तो त्यांच्यामुळेच, ओळख त्यावर चालते. आणि तिसरं, जिवंत असताना कवचावर सेंद्रिय पदार्थाचा अगदी बारीक थर असतो, तो कॅल्साइटला थोडं जपतो. पेरॉक्साइड टाकून तो काढलात तर ते संरक्षणही गेलं.

आणखी एक गोष्ट लोक विचारतात, दोन-चार मायक्रॉनची चकती हजार-दोन हजार मीटर खाली पोचते कशी, वाटेत वाहून नाही का जात? सुटी चकती खरंच फार सावकाश बुडते. पण बरंचसं कोपेपॉडसारख्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून आणि चिकट सेंद्रिय पुंजक्यांतून खाली येतं, ते भराभर येतं. म्हणून तळावरचा थर साधारण त्याच भागातल्या वरच्या पाण्याची नोंद धरतो.

१. गाळ कुठला घ्यायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. दोनापावलाच्या जेट्टीखालचा किंवा मांडवी-जुवारीच्या मुखातला चिखल हाताशी असतो म्हणून घेतला जातो. त्यात नदीची माती, खनिजाची लाल धूळ, डायटमचे (सिलिकाचं कवच असलेलं दुसरं सूक्ष्म शेवाळ) तुकडे हेच भरपूर, कोकोलिथ नावाला. मग दहा स्लाइड बघून विद्यार्थी वैतागतो. किनाऱ्याजवळ, त्यातही पावसाळ्यात, डायटमचं राज्य असतं, कोकोलिथोफोर जरा उघड्या समुद्रातला प्राणी... प्राणी नाही, शेवाळ, पण कळलं ना.

मग शेल्फच्या (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) बाहेरच्या कडेचा गाळ घ्यावा तर तिथेही गंमत आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हाच्या किनाऱ्याची वाळू तिथे अजून उघडी पडलीय. वरून ग्रॅब मारून आणलेला नमुना "आजचा" समजून चाललात तर हवामानाची गोष्ट पहिल्याच ओळीत चुकली.

कामाचा गाळ मिळतो तो शेल्फच्या पलीकडच्या उतारावरून आणि खोल भागातून, म्हणजे कोअरमधून. गोव्यात दोनापावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि वास्कोत हेडलँड सड्यावर एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र), अशा दोन संस्था ह्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे गाइडमार्फत जुन्या कोअरचे सब-सॅम्पल मागायची सोय आपल्याला घराजवळ आहे. स्वतः बोट घेऊन जायचा हट्ट नको, जून-जुलैत तर मासेमारीबंदीमुळे ट्रॉलरही निघत नाहीत. फार खोल, चार-पाच हजार मीटरच्या पुढचा कोअर असेल तर आधीच विचारून घ्या, त्या खोलीवर तळाचं पाणीच कॅल्साइट खातं.

इथे थांबा आणि तपासा: कोअरची जागा, पाण्याची खोली, आणि कोअर कधी काढला, किती वर्षं कसा ठेवला. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच महत्त्वाचा आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १२०० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी, तिथला गाळ काळपट-हिरवा, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) भरलेला. असा कोअर ओला आणि हवा लागेल असा वर्षानुवर्षं पडून राहिला की पायराइट ऑक्सिडाइज होतं, सल्फ्युरिक आम्ल बनतं, ते कोकोलिथ कुरतडतं आणि त्यातून जिप्सम तयार होतं. गाळावर पांढऱ्या चमकदार सुया दिसल्या तर त्या जिप्समच्या आहेत, सुंदर म्हणून फोटो काढा आणि दुसरा कोअर शोधा.

२. फोरामिनिफेरावाल्यांच्या आधी तुमचा वाटा काढा

ही वेगळी स्टेप म्हणून लिहितेय कारण ह्यात दरवर्षी कोणीतरी अडकतं. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये फोरामचं (फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले कोकोलिथपेक्षा बरेच मोठे एकपेशीय जीव) काम चालतं, ते लोक गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात आणि वर राहिलेलं वापरतात. कोकोलिथ दोन ते दहा-बारा मायक्रॉनचे. म्हणजे धुतलेल्या, छान स्वच्छ, लेबल लावलेल्या कुपीत तुमचं काहीही उरलेलं नाही, ते सिंकमधून गेलं. त्यामुळे क्रम असा ठेवा:

१. अल्केनोन (ह्याच शेवाळाने बनवलेले सेंद्रिय रेणू, त्यांवरून जुन्या पाण्याचं तापमान काढतात) करायचं असेल (हे पुढे स्टेप ८ मध्ये) तर त्याचा वाटा सगळ्यात आधी. स्वच्छ स्टीलच्या चमच्याने, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये, थेट फ्रीझरला. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि हाताला क्रीम लावून तर अजिबात नाही.

२. मग स्लाइडसाठी अर्धा-एक ग्रॅम, छोट्या कुपीत.

३. उरलेला खुशाल धुवायला द्या.

कोअरच्या कापलेल्या तोंडावरून गाळ घेताना आधी वरचा मिलिमीटरभर थर खरवडून टाका, आणि खरवडताना आडवं, थराच्या दिशेने. वर-खाली खरवडलंत तर खालचं वर आणि वरचं खाली फासलं जातं. चमचा प्रत्येक नमुन्यानंतर धुवून पुसून. लेबल कुपीवर, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात, आणि जेल पेनने तर लिहूच नका, आपल्या दमट हवेत ते चार दिवसांत पसरतं. पेन्सिल किंवा पर्मनंट मार्कर.

३. तयारी, आणि पाणी

सामान फार नाही: काचेच्या स्लाइड, नंबर दीडच्या कव्हर स्लिप (०.१७ मिलिमीटर जाडीच्या), लाकडी टूथपिकचं पाकीट, ड्रॉपर, हॉट प्लेट, माउंट करायला नॉरलँड ६१ नावाचं ऑप्टिकल अॅडहेसिव्ह आणि ते बसवायला यूव्ही दिवा. कॅनडा बाल्सम असेल तर तेही चालतं, फक्त वेळखाऊ. जाड कव्हर स्लिप स्वस्त मिळतात म्हणून आणू नका, १०० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला फोकसच होत नाही आणि मग लेन्स खाली दाबून दाबून स्लाइड फुटते.

आता पाणी. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात डायल्यूट अमोनिया थेंबथेंब टाकत पीएच ८.५ च्या आसपास आणा. फ्यूम हूडमध्ये करा, डोळ्यांत जाईल. पीएच मीटर आधी बफरने कॅलिब्रेट केलेला हवा, नुसता आकडा दिसतोय म्हणून तो खरा नसतो. हे पाणी (पुढे ह्यालाच बफर पाणी म्हटलंय) रोज ताजं करा, झाकण लावून ठेवा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी ती बाटली साध्या पाण्याने भरून ठेवतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

गाळात कार्बोनेट आहे की नाही ही शंका असेल तर उरलेल्या, टाकाऊ गाळाच्या चिमटीवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा, फसफसलं तर आहे. घरी करून बघायचं असेल तर आपलं माडाचं विनेगरही चालतं, फक्त फसफस हळू दिसते. पण ही टेस्ट स्लाइडच्या टेबलावर करायची नाही, दुसऱ्या टेबलावर, आणि नंतर हात धुवून यायचं. आणि फसफसलं म्हणजे कोकोलिथच आहेत असंही नाही, शिंपल्याचा चुरा पण फसफसतो.

सावधान, ह्या तीन गोष्टी "सगळे करतात" म्हणून करू नका:

• हायड्रोजन पेरॉक्साइड. सेंद्रिय पदार्थ काढायला म्हणून टाकतात. बाजारातलं पेरॉक्साइड स्वतः आम्लधर्मी असतं. स्मिअर स्लाइडला त्याची गरज नाही.

• कॅल्गॉन, म्हणजे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. गुठळ्या मोडतं खरं, पण कॅल्शियमही पकडतं. कोकोलिथच्या कडा खाल्ल्या जातात.

• खलबत्ता. वाळलेला गाळ कडक झाला तरी कुटायचा नाही, थेंबभर बफर पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटतो. अल्ट्रासॉनिक बाथ लावायचाच असेल तर काही सेकंद, चहा पिऊन येईपर्यंत नाही.

४. स्मिअर

आधी कव्हर स्लिपवर बफर पाण्याचा एक थेंब. हो, कव्हर स्लिपवर, स्लाइडवर नाही. गाळ कव्हर स्लिपला चिकटला की तो ऑब्जेक्टिव्हच्या जवळ राहतो आणि चित्र स्पष्ट येतं.

मग नव्या टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढाच गाळ. तुम्हाला कमी वाटेल. त्याच्याही निम्मा घ्या. थेंबात टोक गोल फिरवून गाळ पूर्ण सुटू द्या, गुठळी राहिली तर टूथपिकच्या आडव्या बाजूने हलकेच दाबा. ह्या क्षणी थेंब सोलकढीसारखा दिसला पाहिजे, पिठल्यासारखा नाही. घट्ट वाटला तर अजून पाणी घालत बसू नका, पुसून नवीन करा.

आता टूथपिक आडवी धरून, जवळजवळ कव्हर स्लिपला समांतर, थेंब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढा. मग परत उलट. हे सगळं हॉट प्लेटच्या जवळ करा म्हणजे ओढता ओढता पाणी उडायला लागतं आणि गाळ एकाच जागी गोळा होत नाही. प्लेट ६० अंशांच्या आसपास, त्यापेक्षा फार वर नाही. थेंब उकळायला लागला की बुडबुड्यांभोवती गाळाची वर्तुळं बनतात आणि मधे मोकळी बेटं, ती स्लाइड मोजायला निरुपयोगी. उलट अगदी गार ठेवलीत तर पाणी सावकाश सुकतं आणि बारीक कण कडेला ओढले जाऊन तिथे रिंगण करतात, मधल्या भागात मोठे आणि कडेला छोटे, म्हणजे तुम्ही कुठे बघताय त्यावर टक्केवारी बदलते. पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की हे हमखास होतं, तेव्हा प्लेट आधी गरम करून मगच थेंब टाका.

टूथपिक मोडून टाका. अक्षरशः मोडा, म्हणजे चुकून दुसऱ्या नमुन्याला लागणार नाही.

इथे थांबा आणि तपासा: वाळलेली कव्हर स्लिप छापील कागदावर धरा. अक्षरं आरपार वाचता आली पाहिजेत, थोडी धूसर चालतील. वाचता येत नसतील तर स्मिअर जाड आहे. एकाच नमुन्याच्या दोन स्लाइड करा, वेगवेगळ्या चिमटीतून, आळस नको.

५. माउंट

स्लाइडवर अॅडहेसिव्हचा एक छोटा थेंब, त्यावर कव्हर स्लिप गाळाची बाजू खाली करून, एका कडेने टेकवत हळूहळू सोडायची. बुडबुडा अडकला तर टूथपिकच्या मागच्या टोकाने बाहेर ढकला. कव्हर स्लिप पूर्ण, हाडासारखी कोरडी झालेली हवी, जरा जरी ओल राहिली तर आत दुधाळ डाग येतो आणि तो नंतर जात नाही. मग यूव्ही दिव्याखाली. दिवा नसेल तर कडक उन्हातही बसतं, मे महिन्यात मस्त, जुलैत विसरा.

स्लाइडवर नंबर काचेवर कोरा किंवा मार्करने लिहा, माउंट करायच्या आधी.

६. मायक्रोस्कोप

पोलराइजिंग मायक्रोस्कोप लागतो आणि १०० एक्स ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह. साधा बायोलॉजीचा मायक्रोस्कोप असेल तर पोलरायझर आणि अॅनालायझरच्या फिल्म बसवून काम निघतं, पण स्टेज फिरणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

१. आधी कमी मॅग्निफिकेशनवर स्मिअर नीट पसरलाय ना ते बघा.

२. १०० एक्सवर तेल टाकून फोकस करा, साध्या प्रकाशात.

३. अॅनालायझर आत घाला, रिकाम्या जागी पूर्ण काळोख व्हायला हवा. राखाडी दिसत असेल तर पोलरायझर फिरवून जुळवा. हे न जुळवता मोजायला बसणारे खूप आहेत आणि मग मंद दिसणारी प्रत्येक गोष्ट त्यांची सुटते.

४. आता काळ्या पार्श्वभूमीवर छोटे पांढरे-राखाडी गोल किंवा लंबगोल दिसतील, प्रत्येकावर काळा क्रॉस. तेच कोकोलिथ.

काम झालं की लेन्सवरचं तेल लेन्स पेपरने पुसा आणि मायक्रोस्कोप सिलिका जेल ठेवलेल्या कपाटात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, दोन महिने कव्हरखाली पडून राहिलेला मायक्रोस्कोप ऑगस्टमध्ये उघडून बघा म्हणजे कळेल.

७. ओळखणं आणि मोजणं

कशाला कोकोलिथ म्हणायचं नाही ते आधी. क्वार्ट्झचे बारीक कण मंद राखाडी दिसतात, क्रॉस नसतो. शिंपल्याचे आणि इतर कार्बोनेटचे जाड तुकडे गुलाबी-हिरवट झाक मारतात, आकार वेडावाकडा. कोकोलिथ पातळ असल्यामुळे बहुतेक पांढरे-राखाडी, जाड असतील तर पिवळसर.

आता काही जाती. जेफायरोकॅप्सा ओशियानिका आपल्या बाजूला भरपूर, लंबगोल चकती आणि मधल्या भोकावर तिरका पूल, पूल दिसला की ओळख पक्की. एमिलियानिया हक्सलेई छोटी, दोन ते चार मायक्रॉन, पूल नाही. पण छोट्या जेफायरोकॅप्सा आणि हक्सलेई लाइट मायक्रोस्कोपखाली एकमेकींत मिसळतात, तिथे छातीठोक नाव लिहिण्यापेक्षा "छोटे प्लॅकोलिथ" (प्लॅकोलिथ म्हणजे वर-खाली दोन चकत्या जोडलेले कोकोलिथ) असा एक गट करा, परीक्षकही खूश आणि तुम्हीही खोटं बोलला नाहीत. हेलिकोस्फेरा कार्टेरी मोठी, एका बाजूला पंख्यासारखी कड बाहेर आलेली, तिला चुकायला जागा नाही.

कॅल्सिडिस्कस लेप्टोपोरस मात्र फसवते. तिची वरची मोठी चकती उभ्या अक्षाच्या स्फटिकांची असते, म्हणजे अक्ष थेट प्रकाशाच्या रेषेत, त्यामुळे क्रॉस्ड पोलराइज्ड प्रकाशात ती चकती काळीच राहते आणि फक्त आतलं छोटं चमकतं कडं दिसतं. नवखा माणूस ते कडंच मोजतो, चार मायक्रॉन लिहितो, आणि वेगळीच जात समजतो. अॅनालायझर बाहेर काढा की आठ-नऊ मायक्रॉनची पूर्ण गोल चकती समोर येते, वळलेल्या रेषांसकट. सवयच लावा: शंका आली की अॅनालायझर आत-बाहेर.

आणि फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा. हवामानाचा निम्मा निकाल हिच्यावर असतो आणि हीच सगळ्यात जास्त सुटते. गोल नाही, क्रॉस नाही, दोन-चार मायक्रॉनची चौकोनीसर फरशी, आणि चमक अगदी मंद. प्रकाश पूर्ण वाढवा, स्टेज थोडा फिरवा, खोलीतला दिवा बंद करा. एखाद्या स्लाइडमध्ये शून्य आली तर आधी स्वतःवर संशय घ्या.

मोजणीचे नियम सुरू करायच्या आधी वहीत लिहून ठेवा:

१. किती मोजणार. साधारण ३०० कोकोलिथ हा चालणारा आकडा आहे. ३०० मध्ये एखादी जात १० टक्के असेल तर खरा आकडा साधारण साडेसहा ते साडेतेरा टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी, एवढी ढिलाई राहतेच. त्यामुळे दोन नमुन्यांत २ टक्के फरक आला म्हणून मान्सून बदलला असं लिहू नका.

२. अर्धवट तुकड्यांचं काय. अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर मोजा, नाहीतर सोडा. मध्येच नियम बदलायचा नाही.

३. फील्ड (लेन्समधून एका वेळी दिसणारा गोल भाग) कसे निवडणार. सरळ रेषेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, "छान दिसतंय तिथे" नाही. छान दिसणाऱ्या ठिकाणी नेहमी मोठ्या जाती असतात.

४. फ्लोरिस्फेरा दोन-तृतीयांश असेल तर बाकीच्यांसाठी शंभरच उरतात, अशा वेळी तिला सोडून बाकीच्या जाती वेगळ्या अजून मोजा, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

इथे थांबा आणि तपासा: पहिली स्लाइड आठवड्याने परत मोजा, नमुन्याचं नाव न बघता. जुळत नसेल तर पुढच्या चाळीस मोजायच्या आधी गाइडसोबत बसा. आणि विरघळलेल्या आहेत का ते बघा, नाजूक जाती गायब आणि कॅल्सिडिस्कससारख्या दणकट जातीच उरल्यात, कडा कुरतडलेल्या, असं असेल तर ती टक्केवारी समुद्राच्या वरच्या पाण्याची नाही, विरघळण्याची आहे.

८. आकड्यांतून हवामान, जपून

फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा उजेडाच्या थराच्या तळाशी राहते, बाकीच्या बहुतेक जाती वर. वाऱ्याने पाणी घुसळलं, खालची पोषकद्रव्यं वर आली की वरच्या जाती फोफावतात आणि फ्लोरिस्फेराची टक्केवारी घसरते. पाणी थरांत शांत राहिलं, पोषकद्रव्यं खोल राहिली की तिची वाढते. १९९० पासून ह्यावर कामं होतायत आणि पद्धत भक्कम आहे. पण "फ्लोरिस्फेरा कमी म्हणजे मान्सून जोरात" हे ओमानच्या बाजूला जितकं सरळ आहे तितकं गोव्यासमोर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात खालून पाणी वर येतंच, पण त्याच वेळी घाटावरून आलेलं गोडं पाणी वर पातळ थर करून झाकण घालतं. वारा एक सांगतो, पाऊस दुसरं. शिवाय नद्यांच्या गढूळपणाने खाली उजेडच पोचला नाही तरी फ्लोरिस्फेरा कमी होते. म्हणून किनाऱ्याजवळच्या कोअरमध्ये हा एकच आकडा घेऊन निष्कर्ष काढायचा नाही.

तापमानासाठी अल्केनोन. हक्सलेई आणि ओशियानिका ३७ कार्बनचे लांब कीटोन बनवतात, काहींत दोन दुहेरी बंध, काहींत तीन. पाणी गरम तर दोनवाले जास्त. दोनवाल्यांना दोन्हींच्या बेरजेने भागलं की निर्देशांक मिळतो, त्यातून ०.०४४ वजा करून ०.०३३ ने भागलं की वार्षिक सरासरी पृष्ठतापमान. निर्देशांक ०.९५ आला तर साधारण २७.५ अंश. आता गंमत बघा, २८ अंशाला निर्देशांक ०.९७ होतो आणि २९ ला १, म्हणजे छत लागलं. आपला समुद्र सरासरीने २८ च्या आसपासच आहे. त्यामुळे गोव्यासमोरच्या कोअरमध्ये हिमयुगाचा गारवा अल्केनोन छान दाखवतं, पण त्यानंतरचा उबदार काळ छताला टेकलेला असतो, तिथे अर्ध्या अंशाच्या गोष्टी सांगू नका. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये निर्देशांक ०.०१ ने हलला तरी ०.३ अंश इकडचे तिकडे होतात.

वयाचा अंदाज स्लाइडमधूनही मिळतो. हक्सलेई सुमारे २ लाख ९० हजार वर्षांपूर्वी दिसायला लागली, स्यूडोएमिलियानिया लॅक्युनोसा सुमारे ४ लाख ४० हजार वर्षांपूर्वी संपली. कोअरमध्ये लॅक्युनोसा सलग दिसायला लागली की तुम्ही त्याच्या मागे गेलात. एखाददुसरी दिसली तर नाही, ती जुन्या थरातून वाहून आलेली असू शकते. सिंधू नदीने आणलेल्या गाळात तर क्रिटेशियसच्या (डायनासोरच्या काळातल्या) जातीही सापडतात, वॉट्झनाउएरिया वगैरे, त्या बघून घाबरू नका, वेगळ्या रकान्यात मोजा आणि ३०० मध्ये धरू नका.

९. गाळ नाही, पाणी असेल तर

किनाऱ्यापासून लांबचं पाणी, एक ते दोन लिटर. लुगॉल (नमुना टिकवायचं आयोडीनचं द्रावण) टाकायचं नाही (साधं लुगॉल आम्लधर्मी असतं), बफर न केलेलं फॉर्मॅलिन नाही. काहीच टाकायचं नाही, शक्य तितक्या लवकर गाळायचं. लाइट मायक्रोस्कोपला सेल्युलोज नायट्रेटचा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, तो तेलात पारदर्शक होतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पॉलिकार्बोनेट. व्हॅक्युम हलका, २०० मिलिमीटर पाऱ्याच्या आत, नाहीतर गोल कवचं फुटून सुट्या चकत्या होतात आणि पेशी मोजता येत नाहीत. शेवटी थोड्या बफर पाण्याने मीठ धुवा, नाहीतर मिठाचे स्फटिक सगळं झाकतात. हे धुणं साध्या डिस्टिल्ड वॉटरने केलं की काय होतं ते वर सांगितलंय. मग ४०-५० अंशांवर वाळवून पेट्री डिशमध्ये, सिलिका जेलसोबत.

मोजणीचा हिशोब: फिल्टरचं खरं ओलं झालेलं क्षेत्रफळ गुणिले मोजलेल्या पेशी, भागिले (बघितलेलं क्षेत्रफळ गुणिले लिटर). समजा ओल्या वर्तुळाचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे ३१४ चौरस मिलिमीटर. १०० एक्सवर एका फील्डचा व्यास ०.२२ मिलिमीटर असेल तर ४० फील्डमध्ये साधारण १.५ चौरस मिलिमीटर बघून होतं. त्यात ६० पेशी सापडल्या आणि पाणी २ लिटर होतं तर लिटरला सुमारे ६,३०० पेशी. फिल्टरच्या पाकिटावर लिहिलेला २५ मिलिमीटर व्यास इथे घालायचा नाही, फनेलच्या रबराने कडा झाकलेली असते, पट्टीने मोजा. तो एक आकडा चुकला तर वरच्या उदाहरणात उत्तर दीडपट होतं.